एक भिकार कादंबरी आणि डावा कौल

ती कादंबरी भिकार होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईने स्वतःचं रडगाणं लावून पुस्तकाला मोठं केलं. इंग्रजी होती, जाडजूड, गुलाबी कव्हरची. कव्हरवर कानाला हेडफोन लावून डोळे मिटलेली एक बाई. आत तिचं वय पन्नाशीला टेकलेलं, पण कव्हरवरची जेमतेम तिशीची. माझं डोकं तिथेच फिरलं.

गोष्ट अशी. परदेशात समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात ही घटस्फोटित बाई राहते. तरुणपणी पाच पोरांच्या एका बँडवर तिने जीव टाकलेला. त्या पोरांची आता पोटं सुटलीत, आणि ती पुन्हा एकत्र येऊन शहरोशहरी कार्यक्रम करतायत. बाई तिकीट काढते, रांगेत उभी राहते, पुढे उभा असलेला एक विधुर मागे वळून बघतो, आणि झालं. पुढे पानंच्या पानं दोघं कॉफी पितात. अडचण म्हणावी तर पहिल्या नवऱ्याचा अधूनमधून फोन येतो आणि बाईचा मूड जातो. तिची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली असते. ती मधल्या एका प्रकरणात दोन ओळींत मरते, तीही झोपेत, कोणाला त्रास न देता. तिसऱ्या ओळीत बाई केस कापून घ्यायला जाते.

आणि सगळ्यात मला चीड आली ती याची की ही बाई कोणालाच काही विचारत नाही. भावाला नाही, शेजारणीला नाही, देवाला तर नाहीच. मनात आलं की केलं. मी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी करते. तिथे साधी खुर्ची हलवायची तरी आम्ही तिघांना विचारतो. कोणालाच न विचारता जगणारी बाई मला पटेना. असली माणसं लेखकांच्या घरी असतील, आमच्याकडे नाहीत.

पुस्तक माझं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीने ते मला वाचायला दिलं होतं.

मालवणहून मसुऱ्याला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव आहे, ही बहीण तिथे राहते. लग्न झालं नाही. स्थळं आली, बघून गेली, मग वडील गेले, मग स्थळं यायची थांबली. दादा मुंबईला, मी लग्न होऊन ओरोसला, आणि आईजवळ ती. त्यात आई माणसं विसरायला लागली. मला ती आरोग्य खात्यातली बाई समजायची आणि सुई टोचून घ्यायला दंड पुढे करायची. बहिणीला मात्र आपली मेलेली जाऊ समजायची, आणि त्या जावेशी तिचं आयुष्यभर पटलं नव्हतं. त्यामुळे जी भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, तिलाच दिवसभर शिव्या. मी दर शनिवारी एसटीने जायचे, रविवारी संध्याकाळी परत. तेवढ्यात बहीण डोक्यावरून आंघोळ करून घ्यायची आणि बाजार करून यायची.

तिचं एकच वेड होतं. कॉलेजात असताना शेजारी केबल आली, आणि तिने टीव्हीवर ती पाच गोरी पोरं नाचताना पाहिली. कादंबरीतली नव्हेत, खरी, पण तसलीच. तेव्हापासून तिला दुसरं काही दिसेना. मालवणच्या बाजारात एक कॅसेटवाला होता. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. बहीण त्याच्याकडून त्यांची गाणी भरून आणायची, आणि तोही म्हणे ती पुन्हा पुन्हा लावून ऐकायचा. सगळ्या मुलींना पुढचा देखणा आवडायचा. हिला कडेचा आवडायचा, ज्याच्या वाट्याला गाण्यात दोन ओळी यायच्या. कॅसेटवाल्यालाही तोच. तेव्हा एवढंच. मग त्याचं लग्न झालं, कॅसेटी गेल्या, तो मोबाईलची कव्हरं विकायला लागला. पण बाजारात त्याला अजून कॅसेटवालोच म्हणत.

त्याची बायको वारल्यावर दोन-तीन वर्षांनी बहीण मोबाईलची काच बदलायला त्याच्याकडे गेली. रिंगटोन ऐकून तो म्हणाला, "तुमी अजून ह्येंकाच ऐकतात?" तिथून सुरू झालं. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं. मला दिसायचं ते इतकंच की ती भाकरी थापताना गुणगुणते आणि आईच्या शिव्यांना हसते.

मग एका शनिवारी तिने ते पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "ह्या वाच. मगे माका सांग."

"कोणी दिलं?"

"वाच तर खरा."

तिने ते मोबाईलमध्ये शब्द शोधून शोधून वाचलं होतं. तिचं इंग्रजी त्या गाण्यांनीच शिकवलेलं. शेवटच्या प्रकरणाला तिने केसांची पिन लावून ठेवली होती. त्याच्यापुढे तिने वाचलं नव्हतं.

मी आठवड्यात वाचून काढलं आणि पुढच्या शनिवारी पडवीत बसून तोंडसुख घेतलं. मला वाटलं ती रागावेल. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माका पण नाय आवडला."

"मग मला कशाला दिलंस?"

"आयक. ती बाई म्हणता, माझो जीव त्या गाण्यांत आसा. पण अख्ख्या पुस्तकात एक तरी गाणा आसा काय? तेंचे कपडे आसत, केस आसत. गाणा खंय आसा? लिवणाऱ्यान कधी आयकलेलाच नाय." सुपातला खडा तिने अंगणात भिरकावला. "आणि तिच्या घरात रांधता कोण? आवशीक बघता कोण? सगळा आपसूक होता."

मी हसले. म्हटलं, समीक्षा लिही. त्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्या पुस्तक माका तेणी दिला. कॅसेटवाल्यान. तो माका विचारता."

बरं झालं मी काही बोलायच्या आत आईने हाक मारली. उठून जाताना बहीण म्हणाली, "शेवट माका सांगू नको. माझा ठरला काय मगे वाचतलंय." आपलं लग्न ठरलं की मगच त्या बाईचा शेवट वाचायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. पन्नाशीच्या बाईचा हा पोरकटपणा. पण तिला आयुष्यात पोरकटपणा करायला कोणी वेळ दिला होता?

मी त्या माणसाला भेटले. टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा. म्हणाला, "आवशीक पण घेवन येवंदेत. माझ्या घरात जागा आसा. दोघांनी मिळान बघू." मला माणूस आवडला, स्पष्ट सांगते. ते पाचजण मे महिन्यात मुंबईला येणार होते आणि त्याने दोन तिकिटं काढून ठेवली होती. तोवर साखरपुडा तरी व्हावा अशी त्याची इच्छा होती.

दादाला मी फोन केला. तोही नाही म्हणाला नाही. त्याला वाईट ठरवायचं असेल तर मला जमणार नाही. तो म्हणाला, "माझं काही नाही. पण कौल घेऊया."

आमच्याकडे हे असंच असतं. विहीर खोदायची, घर बांधायचं, पोरीचं लग्न करायचं, आधी गावच्या देवाला विचारायचं. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. विचारतो तो घरातला कर्ता पुरुष. ज्याच्यासाठी विचारायचं ते माणूस नुसतं बसून राहतं.

दादा मे महिन्यात आला. आम्ही देवळात गेलो ती वेळ भर दुपारची, वीज गेलेली, घामाने जीव हैराण. पुरुष पुढे, बहीण आणि मी मागे खांबाजवळ. कॅसेटवाला बाहेर पारावर बसला होता, चपला काढून, हात जोडून. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा महाराजा, ह्या घरातल्या चेडवाचो संसार मांडूचो म्हणान तुझो झील तुका विचारता. ह्या झाल्यार घराक सुख लागात तर उजवो दी." चेडू म्हणजे बहीण, विचारणारा झील म्हणजे दादा. सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. बहिणीने माझा हात धरला होता.

उजवी पाकळी सैल झाली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिचं टोक सुटलं होतं, खाली झुकलं होतं, आता पडेल की मग पडेल असं झालं होतं. आणि वीज आली.

गावातल्या मुंबईकरांनी देवळाला पंखा दिलेला आहे. कौलाच्या वेळी तो कोणी लावत नाही. पण वीज नव्हती, आणि सकाळी लावलेलं बटण बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पंखा करकरत फिरला. डावी पाकळी उडून खाली आली.

गुरवाने वर पंख्याकडे पाहिलं, मग पाकळीकडे. मला राहवलं नाही. मी खांबाजवळून म्हटलं, "ती पंख्याने पडली. पुन्हा लावा."

गुरव बिचारा म्हणाला, "लावता येता. पण जेणा विचारल्यान तेणा सांगूक व्हया."

दादाने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. तिने एक शब्द उच्चारला असता तर त्याने पुन्हा लावायला सांगितलं असतं, हे मला आजही वाटतं. पण आपल्याच लग्नासाठी बाईने देवाला पुन्हा विचारा म्हणायचं? चारचौघांत? ती मान खाली घालून बसली. मी बोलायला लागले तशी माझा पदर ओढून म्हणाली, "ताई, गप." दादाने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "पडला ता पडला." बाहेर पारावरचा माणूस उठला, देवाला नमस्कार केला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याने पंखा पाहिलाही नव्हता. त्याला फक्त डावा पडला एवढंच कळलं.

वाटेत मी बहिणीला फाडफाड बोलले. ती म्हणाली, "पंखो देवाच्याच देवळातलो नाय काय?"

कार्यक्रमाला तो एकटाच गेला. तिकिटं परत होत नव्हती. शनिवार होता, मी घरीच होते. दिवेलागणीला बहिणीच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिने मोबाईल खाटेसमोरच्या खिडकीत उभा करून ठेवला, कारण आईने अंथरूण खराब केलं होतं आणि आम्ही दोघी तिला उचलत होतो. खिडकीतून माणसांचा आरडाओरडा यायला लागला, मग ढोल, मग ते पाच आवाज. आई घाबरून किंचाळायला लागली. बहिणीला नखांनी ओरबाडत म्हणाली, "रांडे, माझ्या घरात बँडवाले हाडलंस?" बहीण एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने चादर ओढत होती आणि मान वळवून वळवून खिडकीकडे बघत होती. पडद्यावर नुसता उजेड हलत होता. मग एकदम तिचे हात थांबले. "तेच्यो वळी इल्यो," ती म्हणाली. कडेच्याच्या दोन ओळी. त्या संपल्या, आणि तिने चादर ओढून काढली आणि बादलीत टाकली. फोन नंतर आपोआप बंद झाला.

त्या कादंबरीत कार्यक्रमाचं वर्णन इतकं लांबवलंय की संपता संपत नाही. बाईला स्टेजवर बोलावतात. तिच्या अंगावर चकचकीत कागद उडवतात. मला ते आठवलं आणि ते पुस्तक विहिरीत टाकावंसं वाटलं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही आणि हिनेही केला नाही. देवाने नाही म्हटल्यावर बोलत राहणं बरं दिसत नाही, असं दोघांनाही वाटलं असणार. दोघंही याच मातीतली.

आई त्याच वर्षी भातकापणीच्या वेळी गेली. दोन ओळींत नाही. महिनाभर तिला गिळता येत नव्हतं, पाठ सडली होती, आणि तो वास मला ओरोसला घरी आल्यावरही यायचा. शेवटपर्यंत तिने बहिणीला ओळखलं नाही. तेराव्यानंतर माणसं पांगली, तेव्हा बहीण रिकाम्या खाटेवर बसून म्हणाली, "ता पुस्तकात लिवलेला तसा झाला. आवस गेली. आता फुडचा पान खंय आसा गो?" आणि ती रडली. मीही रडले. मला आईपेक्षा तिचंच जास्त रडू आलं, खरं सांगायचं तर.

दादाच्या मनाला तो डावा कौल लागून राहिला होता. वर्षश्राद्धाला आला तेव्हा स्वतःहून म्हणाला, आता परिस्थिती वेगळी आहे, प्रश्नही वेगळा आहे, पुन्हा कौल घेऊ. मी म्हटलं, आधी त्या माणसाला फोन कर. त्याला विचार तरी, अजून मनात आहे का. दादा म्हणाला, "तसं कसं? आधी देव. देवाने नाही म्हटलं तर त्याला पुन्हा आशेला का लावायचं?" बहिणीलाही ते पटलं. मला म्हणाली, "दादा बरोबर बोलता." आईचं वर्ष पाळलेलं, त्यात लग्नाचा निरोप कोणाला धाडायचा नाही, आणि आता तर ते वर्षही सरलं होतं. एवढं थांबलो तर आणखी एक दिवस थांबू, असा सगळा विचार.

या वेळी दादाने स्वतः पंख्याचं बटण बंद केलं आणि वर मेन स्विचही पाडला. पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं. फार वाट बघावी लागली नाही. उजवी पाकळी पडली, सरळ, जशी पडायला हवी तशी. गुरव हसला. दादाने डोळे पुसले. बहिणीच्या हातात गुरवाने ती पाकळी प्रसाद म्हणून ठेवली, आणि तिने मूठ मिटली. तिच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी तिच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती लाजली होती.

दादाने देवळाच्या पायरीवरूनच फोन लावला. आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

तो नीट बोलला. दुकान विकून मुलाजवळ कणकवलीला गेल्याचं सांगितलं. मग दादाने कौलाचं सांगितलं. तो म्हणाला, "दादानु, माका डावो गेललो ना. मी म्हटलंय, आपल्या नशिबात नाय. मगे आमच्या गावच्या देवाक विचारलंय, नात्यातलीच एक आसा, तिच्यासाठी. तेणा उजवो दिल्यान. वैशाखात झाला."

गावात कोणाला तरी हे माहीत असणारच. असली बातमी ज्याच्या कामाची त्याला सोडून सगळ्यांना माहीत असते.

दादा पायरीवरच बसला. बहिणीने त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि त्याला म्हणाली, "उठ. जेवान थंड होतला." घरी येऊन तिने आम्हाला वाढलं. स्वतः जेवली. दादाला दुसऱ्यांदा सोलकढी हवी का विचारलं. दादाने भातात नुसतीच बोटं फिरवली आणि तो आतल्या खोलीत जाऊन पडला.

दुपारी भांडी झाल्यावर ती पडवीत आली आणि मला म्हणाली, "त्या पुस्तक खंय आसा?" ते माझ्या पिशवीतच होतं. वर्ष उलटून गेलं, दर वेळी परत द्यायचं म्हणून मी ते नेत होते आणि लग्न ठरेपर्यंत शेवट वाचायचा नाही म्हणून ती घेत नव्हती. मी म्हटलं, "आज नको वाचू. कचरा आहे."

"ठरला की नाय माझा? मगे वाचूक व्हया."

तिने केसांची पिन काढून बाजूला ठेवली आणि वाचायला बसली. शब्द अडला की मोबाईलमध्ये बघायची, पुन्हा वाचायची. मी तिच्याकडे बघत बसले. तिच्या ओरबाडलेल्या हातावरचे वण पांढरे पडले होते. उन्हं कलली, तुळशीची सावली पायरीपर्यंत आली, तेव्हा तिने पुस्तक मिटलं.

"काय झालं?" मी विचारलं. मला माहीत होतं काय झालं ते.

"गावला तिका. तो गावलो, घर गावला, सगळा गावला."

"मग? आहेच भिकार."

तिने पिन पुन्हा केसांना लावली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"तिना कोणाक विचारूकच नाय गो, ताई," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.